सौर आणि पवन प्रकल्पांसाठी जागा शोधताना नकाशाचं सॉफ्टवेअर कसं वापरावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० (उपकेंद्रांजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून शेतीपंपांना दिवसा वीज देण्याची राज्याची योजना) आल्यापासून गावोगाव एकच विचारणा सुरू आहे: आमची जमीन बसेल का? सप्टेंबर २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा ३ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला आणि ही विचारणा आणखी वाढली. शेतकरी उत्पादक कंपन्या, छोटे विकासक, भूगोलाचे आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरची आणि महाराष्ट्रातली आहेत.

१. गूगल अर्थवर जागा दिसतेच. मग वेगळं सॉफ्टवेअर कशाला?

गूगल अर्थवर जमीन दिसते, पण तिला प्रश्न विचारता येत नाहीत. "उपकेंद्रापासून ५ किलोमीटरच्या आत, उतार ५ अंशांपेक्षा कमी, वनजमीन नाही, रब्बीत पीक नाही, आणि सलग १० एकरांपेक्षा जास्त" अशा पाच अटी एकदम लावून उरलेलं क्षेत्र मागायचं, तर जीआयएस, म्हणजे नकाशाला प्रश्न विचारता येणारं सॉफ्टवेअर, लागतं. प्रत्येक अट हा एक थर असतो. थर एकावर एक ठेवून चाळायचे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. नकाशा जागा निवडून देत नाही, तो चालणार नाहीत अशा जागा बाजूला काढतो. ५ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे ७,८५० हेक्टर जमीन येते. एवढं शिवार पायी फिरणं शक्य नाही. नकाशाने त्यातल्या मोजक्या जागा हातात ठेवल्या की पुढचं काम पायांनीच करायचं.

२. कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं? पैसे पडतात का?

क्यूजीआयएस घ्या. ते मोफत आहे, मुक्त परवान्याचं आहे आणि २००२ पासून जगभरचे लोक मिळून ते वाढवत आले आहेत. एका तालुक्यापुरतं काम ८ जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवर होतं. आर्कजीआयएस चांगलंच आहे, पण परवान्याचा खर्च आहे आणि या कामासाठी त्याच्यावाचून काही अडत नाही.

३. कुठकुठली माहिती लागते आणि ती मिळते कुठे?

ऊन आणि वारा यांच्यासाठी ग्लोबल सोलर ॲटलस आणि ग्लोबल विंड ॲटलस, दोन्ही मोफत. वाऱ्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशेही पाहा. उंचीसाठी एसआरटीएम किंवा कोपर्निकसचं ३० मीटर तपशिलाचं उंचीचं मॉडेल, नाहीतर इस्रोच्या भुवन पोर्टलवरचं कार्टोडेम. जमिनीच्या वापराचे आणि पडीक जमिनींचे नकाशेही भुवनवर आहेत. ताजं उपग्रहचित्र युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचं, १० मीटर तपशिलाचं. रस्ते, वस्त्या, ओढे ओपनस्ट्रीटमॅपवरून. गटांच्या हद्दींसाठी गावनकाशांचं सरकारी पोर्टल महाभूनकाशा (प्रश्न ९ पाहा).

विजेच्या तारांबाबत मात्र ओपनस्ट्रीटमॅपवर विसंबू नका. मोठ्या पारेषण वाहिन्या तिथे बऱ्यापैकी सापडतात, पण ३३ आणि ११ केव्हीच्या वाहिन्या अर्ध्यामुर्ध्याच असतात. उपकेंद्रांची यादी महावितरणच्या स्थानिक कार्यालयातून घ्या आणि प्रत्येक उपकेंद्राच्या फाटकाशी उभं राहून मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपून आणा. या एका चकरेने पुढचा सगळा हिशेब पक्का होतो.

४. जिथे ऊन जास्त तिथून सुरुवात करायची ना?

राजस्थान आणि आसामची तुलना करत असाल तर हो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मात्र उन्हाचा फरक थोडा आहे. सोलर ॲटलसवर बघा: राज्यात बहुतेक ठिकाणी १ किलोवॅट क्षमतेच्या पॅनेलमागे वर्षाची सरासरी दिवसाला साधारण ४ ते ४.६ युनिटच्या दरम्यान येते. एका तालुक्याच्या आत तर हा आकडा जवळपास सारखाच राहतो. तरीही अनेक विद्यार्थी प्रकल्प-अहवालात उन्हाच्या थराला सर्वांत जास्त वजन देतात आणि सगळा तालुका "अतिशय योग्य" रंगात रंगवून मोकळे होतात.

आपल्याकडे प्रकल्प उभा राहणार की नाही हे ठरतं उपकेंद्राच्या अंतरावर, जमिनीच्या मालकीवर, उतारावर आणि रस्त्यावर. म्हणून सुरुवात उपकेंद्रापासून करा.

५. उपकेंद्राभोवती ५ किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर ते अख्ख्या महाराष्ट्रावर पसरलं. काय चुकलं?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. तुमचा थर अक्षांश-रेखांशात आहे (डब्ल्यूजीएस ८४, सॉफ्टवेअरमधला तिचा क्रमांक ईपीएसजी ४३२६). त्यात बफरचं, म्हणजे ठरावीक अंतराच्या वर्तुळाचं, एकक अंश असतं. तुम्ही ५ लिहिलं, सॉफ्टवेअरने ५ अंश घेतले. १ अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, त्यामुळे सोलापूरच्या उपकेंद्राभोवतीचं वर्तुळ थेट अरबी समुद्रात उतरतं.

उपाय असा: थर आधी मीटरमधल्या प्रणालीत, म्हणजे यूटीएममध्ये बदलून घ्या (तिचे रेखांशांनुसार पट्टे आहेत, कुठला घ्यायचा ते प्रश्न ६ मध्ये), आणि मग बफरमध्ये ५००० लिहा. इथे आणखी एक खड्डा आहे. थरावर उजवी क्लिक करून "सेट लेयर सीआरएस" केलं की थर बदलत नाही, फक्त त्याच्यावरची पाटी बदलते, आणि तुमचं उपकेंद्र नकाशावरून गायब होतं. वेक्टर थरासाठी (बिंदू, रेषा, हद्दी) "रीप्रोजेक्ट लेयर" आणि रास्टरसाठी (चौकोनी ठिपक्यांचं चित्र) "वॉर्प" हीच हत्यारं वापरायची.

आकड्यांचं म्हणाल तर योजनेत खासगी जमिनीसाठी उपकेंद्रापासून ५ किलोमीटर आणि सरकारी जमिनीसाठी १० किलोमीटर अशी मर्यादा आहे. ही त्रिज्या झाली. तार मात्र वस्ती, ओढा, विहिरी चुकवत, रस्त्याच्या कडेने जाते आणि तिची लांबी नेहमी जास्त भरते. जागांची क्रमवारी लावताना रस्त्याने मोजलेलं अंतरही शेजारी लिहून ठेवा.

६. यूटीएमचा ४३ वा पट्टा की ४४ वा?

७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला ४३ उत्तर (ईपीएसजी ३२६४३), पूर्वेला ४४ उत्तर (ईपीएसजी ३२६४४). कोकण, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि जवळपास सगळा मराठवाडा ४३ मध्ये येतो. वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ४४ मध्ये. यवतमाळ जिल्ह्याच्या मधूनच ही रेषा जाते. तिथे एकच पट्टा निवडा आणि सगळे थर त्याच पट्ट्यात ठेवा. सीमेवरच्या एखाद्या तालुक्यापुरतं अंतर किंवा क्षेत्र मोजताना त्याने काही बिघडत नाही. अर्धे थर ४३ मध्ये आणि अर्धे ४४ मध्ये ठेवलेत तर गोंधळ नक्की.

७. उतार काढला तर सगळीकडे ८० ते ९० अंश दाखवतो. आमचा भाग तर सपाट आहे.

मूळ दुखणं प्रश्न ५ चंच आहे. उंची मीटरमध्ये आहे आणि आडवं अंतर अंशांत, त्यामुळे प्रत्येक उंचवटा कडा होऊन बसतो. उंचीचं रास्टर आधी वॉर्पने यूटीएममध्ये आणा, मग स्लोप चालवा.

सौरसाठी साधारण ५ अंशांपर्यंतचा उतार सोयीचा मानतात. त्याहून जास्त असेल तर सपाटीकरण, पायऱ्या आणि पावसाळ्यात मातीची धूप असा खर्च वाढत जातो. दक्षिणेकडे हलका उतार असेल तर उत्तम. उत्तरेकडे २-३ अंश असतील तर जागा सोडू नका, ओळींमधलं अंतर थोडं वाढवावं लागेल इतकंच.

८. ३० मीटरच्या माहितीवर २ एकरांचं शेत तपासता येईल का?

नाही. ३० मीटरचा एक पिक्सेल (चित्रातला सर्वांत लहान चौकोन) म्हणजे ९०० चौरस मीटर, जवळजवळ ९ गुंठे. २ एकरांत असे नऊच पिक्सेल बसतात आणि त्यातले निम्मे बांधावर पडतात. सेंटिनेल-२ चा पिक्सेल मात्र १०० चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याएवढा. पीक आहे की नाही हे बघायला तो पुरतो. विंड ॲटलसचा पिक्सेल २५० मीटरचा, त्यात १५ एकर मावतात.

१ मेगावॅट सौर प्रकल्पाला साधारण ४ ते ५ एकर लागतात. त्यामुळे १ मेगावॅटच्या खालची जागा नकाशावर फक्त ढोबळ पाहायची. तिथे ओढा फुटतो का, विहीर कुठे आहे, बांध किती उंच आहे, हे शेतात उभं राहूनच कळतं.

९. महाभूनकाशावरचा गट उपग्रहचित्रावर ठेवला तर ४०-५० मीटर सरकलेला दिसतो. हद्द कुठली खरी?

दोन्हींपैकी कुठलीच हद्द म्हणून धरू नका. गावनकाशे मुळात साखळीने आणि शंकूच्या साहाय्याने मोजून कागदावर काढलेले. कागद जुना होतो, आकसतो, मग स्कॅन होतो आणि त्यावरून डिजिटल होतो. प्रत्येक टप्प्यावर थोडी चूक शिरते.

पहिल्या चाळणीसाठी तो नीट बसवून घेता येतो. क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये गावाच्या चारही बाजूंचे, न बदलणारे बिंदू घ्या: शिवेचे दगड, दोन ओढ्यांचा संगम, जुन्या पाणंदीचा फाटा, तिवड्याचा (तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला) दगड. नवीन डांबरी रस्ता घेऊ नका, तो नकाशा झाल्यानंतर आलेला असतो. सगळे बिंदू एकाच कोपऱ्यात घेतले तर दुसरा कोपरा फिरतो, म्हणून पसरून घ्या. एका गावाला ८-१० बिंदू पुरतात.

करार करताना मात्र भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आणि त्यांच्या 'क' प्रतीलाच अर्थ आहे. स्क्रीनवरच्या रेघेवर कुंपण घातलं आणि शेजाऱ्याशी कायमचं वाकडं आलं, असं कुठल्याही गावात होऊ नये.

१०. नकाशात "पडीक" दाखवलेली जमीन बिनधास्त घ्यावी का?

याचं उत्तर लांब आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं.

आधी शेतीची बाजू. मे महिन्यातलं एकच उपग्रहचित्र पाहिलं तर निम्मा मराठवाडा पडीक वाटतो. म्हणून सेंटिनेल-२ ची निदान तीन चित्रं घ्या: खरिपासाठी सप्टेंबर-ऑक्टोबर, रब्बीसाठी जानेवारी-फेब्रुवारी आणि उन्हाळ्यासाठी एप्रिल-मे. पावसाळ्यात ढग असतात, तेव्हा एखादा आठवडा मागेपुढे करावं लागेल. तिन्हींची एनडीव्हीआय (हिरवाई किती ते सांगणारा आकडा) काढून शेजारी ठेवा. तिन्हींत हिरवं ते बहुधा ऊस, फळबाग किंवा झाडोरा. पहिल्या दोन्हींत हिरवं ते दुबार पिकाचं रान, त्याला हात लावू नका. तिन्हींत उघडं ते मुरमाड, हलकं रान किंवा खरोखरच सोडलेली जमीन. एखाद्या वर्षी दुष्काळ असेल तर निष्कर्ष उलटतो, म्हणून दोन-तीन वर्षं पाहा.

आता माळरानं. पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांत झुडपी आणि गवताळ जमीन याच वर्गात मोडते. पण सोलापूर, पुणे, अहिल्यानगरच्या बाजूची माळरानं मेलेली नाहीत. लांडगा, चिंकारा, काळवीट तिथेच जगतात. नान्नजचं माळढोक अभयारण्य अशाच गवतावर उभं आहे. माळढोक जड पक्षी, समोरचं त्याला नीट दिसत नाही, आणि उघड्या तारांना धडकून तो मरतो. राजस्थान-गुजरातमधल्या तारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आदेश दिला तो याचमुळे. शिवाय याच माळांवर धनगरांची मेंढरं चरतात. सातबाऱ्यावर मेंढपाळाचं नाव नसतं आणि नकाशातही नसतं.

सह्याद्रीतले सडेही (खडकाळ पठारं) असेच फसवतात. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पवनचक्क्या असलेला आणि नसलेला भाग ताडून पाहिला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले. त्यामुळे पंख्यासारखा रंगीत गळा फुलवणारे सरडे तिथे वाढले आणि त्यांचं वागणंही बदललं. पडीक जमिनींच्या नकाशात याचा मागमूस नसतो.

म्हणून वन, अभयारण्य आणि पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रांबरोबर गवताळ माळांचा एक वेगळा थर हाताने काढा. गावातल्या मेंढपाळांना विचारून चराईच्या वाटा त्यात आखा. माझं मत स्पष्ट आहे: सोडलेली शेतं, जुन्या खाणी, कारखान्यांची आवारं, कालव्यांच्या कडा आधी संपवाव्यात, माळाला मग हात लावावा.

११. पवनसाठीही हीच पद्धत चालते का?

चाळणी तीच, पण वजनं उलटी. उन्हात फरक कमी असतो, वाऱ्यात प्रचंड. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनात वाढते: सेकंदाला ६ मीटर ऐवजी ७ मीटर वेग असेल तर ऊर्जा सुमारे ५९ टक्क्यांनी जास्त. म्हणून एक टेकडी सोडून शेजारची धरली तर सगळं गणित बदलतं. धुळ्यातलं ब्राह्मणवेल, साताऱ्यातलं वनकुसवडे ही ठिकाणं उगाच पुढे आलेली नाहीत.

नकाशावर उंची तपासून घ्या. १० मीटर उंचीवरचा वारा आणि १५० मीटरवरचा वारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरांपासून ५०० मीटर अंतर ठेवायचं, म्हणून प्रत्येक वस्तीभोवती तेवढा बफर काढा. एकट्या शेतवस्त्या ओपनस्ट्रीटमॅपवर नसतात, त्या उपग्रहचित्रावरून टिपून घ्याव्या लागतात.

आपल्याकडचा बहुतेक वारा जून ते सप्टेंबरमध्ये येतो, नेमकं सौर उत्पादन घटतं तेव्हा. एकाच उपकेंद्रावर दोन्ही जोडायचा विचार असेल तर ही जोडी उपयोगाची आहे. आणि ॲटलसच्या भरवशावर पवनचक्की कोणी उभारत नाही. जागेवर मनोरा किंवा लायडार (लेझरने वारा मोजणारं यंत्र) लावून निदान वर्षभर वारा मोजतात.

१२. कुठल्या थराला किती वेटेज द्यायचं?

आधी वेटेज द्यायचंच नाही. वनजमीन, पाणी, वस्ती, दुबार पीक या "नाही म्हणजे नाही" अटी. त्यांना गुण देत बसलात तर वनातली जागाही बाकीच्या गुणांवर पास होते. या अटी शून्य किंवा एक अशा लावून क्षेत्र कापून टाका. उरलेल्या जागांत उपकेंद्राचं अंतर, रस्ता, उतार, जागेचा सलगपणा यांना गुण द्या. मग प्रत्येक वेटेज थोडं कमीजास्त करून पुन्हा चालवा. पहिल्या पाच जागा तरीही वरच राहिल्या तर निकाल भक्कम. दर वेळी उलथापालथ झाली तर तो निकाल जमिनीचा नाही, तुमच्या आकड्यांचा आहे.

१३. महाराष्ट्राची सौर क्षमता ६४ गिगावॅट आहे असं वाचलं. मग जागा तर भरपूर आहेत?

राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा तो २०१४ चा अंदाज आहे: देशासाठी सुमारे ७४९ गिगावॅट, त्यात महाराष्ट्राचे ६४.३२. पडीक जमिनीपैकी ३ टक्के भागावर पॅनेल लावले असं धरून तो काढला आहे. ती ३ टक्के जमीन कुठली, कोणाची, उपकेंद्राजवळ आहे का, हे त्यात नाही. पवनचंही तसंच: १२० मीटर उंचीला महाराष्ट्राचा अंदाज सुमारे ९८ गिगावॅट, १५० मीटरला सुमारे १७४. राज्याच्या धोरणासाठी हे आकडे उपयोगी आहेत. तुमच्या गटासाठी नाहीत.

१४. नकाशात सगळ्या अटी पास झाल्या, तरी जागा नाकारली गेली. का?

बहुधा नकाशात न दिसणाऱ्या तीन गोष्टींपैकी एक. पहिली, उपकेंद्रात जागाच शिल्लक नाही. ट्रान्सफॉर्मरची क्षमता आणि आधी मंजूर झालेले प्रकल्प वजा जाता किती मेगावॅट उरतात, हे महावितरणकडूनच कळतं. शक्य असेल तर हा आकडा आधी घ्या, नकाशा नंतर उघडा. दुसरी, रस्ता: चित्रात पाणंद दिसते, पण पावसाळ्यात तिच्यावरून ट्रॅक्टरही जात नाही, किंवा ती खासगी वहिवाट निघते. तिसरी, माती. भारी काळ्या रानात भेगा पडतात, ओल आली की माती फुगते, आणि खांबांचे पाये महाग होतात. मातीचा ढोबळ नकाशा नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचा मिळतो, खोली मात्र खड्डा घेऊनच बघायची.

१५. शेजारच्या झाडांची किंवा टेकडीची सावली सॉफ्टवेअरमध्ये कळते का?

टेकडीची कळते. झाडाची नाही, कारण ३० मीटरच्या मॉडेलमध्ये एकटं झाड हरवून जातं (प्रश्न ८). त्याचं गणित हाताने करा. २० अंश अक्षांशावर, म्हणजे साधारण नाशिक-संभाजीनगरच्या पट्ट्यात, २२ डिसेंबरच्या आसपास भर दुपारी सूर्य सुमारे ४६.५ अंशांवर असतो. १० मीटर उंचीच्या झाडाची सावली तेव्हा साडेनऊ मीटर पडते. त्याच दिवशी दुपारच्या तीन तास आधी ती साडेअठरा मीटर होते. बांधावरच्या लिंबाचं किंवा बाभळीचं अंतर त्यावरून ठरवा. झाड तोडण्यापेक्षा एक ओळ कमी करणं बरं.

१६. धरणाच्या पाण्यावर तरंगता सौर प्रकल्प असेल तर?

तिथे जमिनीचे थर बाजूला ठेवा आणि पाण्याचा इतिहास बघा. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांवरून केलेला १९८४ पासूनच्या पाण्याचा जागतिक नकाशा मोफत आहे. कुठल्या पिक्सेलमध्ये पाणी किती वेळा होतं ते त्यात कळतं. उजनीसारख्या धरणात उन्हाळ्यात पाणी कितीतरी आत सरकतं. कायम पाणी असलेला गाभा तेवढाच धरायचा. गाळपेर करणारे शेतकरी, मच्छीमारांच्या जागा आणि हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी यांचा थर इथेही हातानेच काढावा लागेल.

१७. नकाशे वापरायला किंवा ड्रोन उडवायला परवानगी लागते का?

फेब्रुवारी २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय व्यक्ती आणि संस्थांना नकाशे तयार करायला आधी परवानगी घ्यावी लागत नाही. संवेदनशील ठिकाणांबाबतचे निर्बंध पाळावे लागतात. ड्रोनसाठी २०२१ चे नियम आहेत: सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवर आपली जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात आहे ते उडवण्याआधी पाहा. विमानतळाजवळच्या तालुक्यांत हे हमखास आडवं येतं.

१८. नकाशात सलग १२ एकर आहेत, पण सातबाऱ्यावर सात खातेदार. अशी जागा यादीत ठेवावी का?

ठेवा, पण वेगळ्या रंगात. प्रत्येक गटाच्या नोंदीत चार रकाने वाढवा: खातेदारांची संख्या, सामाईक क्षेत्र आहे का, इतर हक्कात काय नोंद आहे, पोटखराबा किती. इतर हक्कात कूळ, बँकेचा बोजा किंवा वनविभागाची नोंद सापडली तर ती आधीच कळलेली बरी. वारसांची नोंद राहिली असेल तर फेरफार होईपर्यंत भाडेपट्टा पुढे सरकत नाही.

योजनेत खासगी जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ असं आहे. सात जणांत ते कसं वाटायचं, मधल्या खातेदाराने नाही म्हटलं तर बाकीचे तुकडे सलग राहतात का, हे बैठकीआधी पाहून ठेवा. क्यूजीआयएसमध्ये तो एक गट वगळून उरलेल्यांचं क्षेत्र आणि सलगपणा पुन्हा मोजता येतो. तो नकाशा छापून घेऊन जा आणि सातही जणांसमोर एकदमच उघडा.